मेडशीतल्या काठ्या आणि दहाचा फरक

गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं हिरवंगार लॉन, पांढरी टोपी आणि न परवडणारी मेंबरशिप. आमची गोल्फची सफर मात्र निघाली थेट वाशीम जिल्ह्यात. सामानात होते तीन शाफ्ट, एक बंद पाकीट आणि एक किलो बाकरवडी.

'मासे पकडायला चालल्या का मॅडम?'

अकोल्याच्या स्टँडवर कंडक्टरनं विचारलं, तेव्हा माझ्या खांद्यावर चार फुटांची पुठ्ठ्याची नळी होती. आत गोल्फ क्लबचे तीन शाफ्ट. म्हणजे मूठ आणि डोकं काढल्यावर उरते ती नुसती काळी दांडी. 'गोल्फच्या काठ्या आहेत,' मी म्हटलं. त्यानं नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिकीट फाडत म्हणाला, 'मेडशी? मंग त्या काठ्या मोजणाऱ्याकडं चालल्या असान.'

घ्या! पुण्यात माझ्या बिल्डिंगमध्ये मला कोणी ओळखत नाही, आणि इथे पन्नासेक किलोमीटर आधीच माझ्या मावसभावाची कीर्ती पोचलेली!

दादाची गोष्ट थोडक्यात अशी. पुण्यातल्या एका गोल्फ कोर्सवर तो बरीच वर्षं क्लब दुरुस्तीचं काम करायचा. तुटलेला शाफ्ट काढ, नवा बसव, ग्रिप बदल. २०२० चं लॉकडाउन आलं, कोर्स बंद झाले आणि दादा मेडशीला परतला. 'दोन महिने' म्हणून गेलेला माणूस तिथेच रमला. शेती होतीच, सोयाबीन आणि तूर. पण हाताला क्लबची सवय. जुन्या ओळखीचे गोल्फर त्याला कुरिअरनं शाफ्ट पाठवू लागले. आणि मग त्यानं घरच्या घरी एक मशीन बनवलं... शाफ्ट किती कडक, किती लवचीक हे मोजणारं.

मशीन झकास चाललं होतं. पण गेल्या डिसेंबरात दादाचा फोन आला. 'एक गिऱ्हाईक म्हणतंय, तुझा आकडा चुकीचा आहे. तू पुण्याहून तीन शाफ्ट घेऊन ये. आधी तिकडच्या चांगल्या मशीनवर मोजून घे. आकडे मला सांगू नको. पाकिटात घाल.'

वीकेंड होता, डोक्यावर कुठली डेडलाइन नव्हती. निघाले.

घाट चढला की हवा बदलते

अकोल्याहून वाशीमकडे जाणारा हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग १६१. पातूरपर्यंत सपाट, काळ्या मातीचा मुलूख. पातूर सोडलं की रस्ता डोंगरात शिरतो, दोन्ही बाजूंना साग दिसायला लागतो आणि आपण वर पठारावर येतो. डिसेंबरच्या सकाळी खिडकीतून येणारी थंडी अशी, की पुण्याचा 'पिंक विंटर' वगैरे विसरून जावं.

मेडशी हे टिपिकल रस्त्यावरचं गाव. मालेगाव तालुका, वाशीम जिल्हा. जिल्हा तसा तरुण, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला. वाशीम शहर मात्र चांगलंच म्हातारं. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलं वत्सगुल्म ते हेच. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं ज्यानं कोरवून घेतलं, तो वराहदेव याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. पण मेडशीला उतरल्यावर यातलं काही दिसत नाही. दिसतात चहाच्या टपऱ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाकडे 'हे कोणाचं पाव्हणं?' अशा नजरेनं बघणारी मंडळी.

'आली वं माय!' मावशी दारातच होती. 'किती वाळली! पुण्यात खायला नाई भेटत काय?'

पंधरा मिनिटांत माझ्यासमोर मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात आली. ज्यांनी या शेंगा खाल्ल्या नाहीत त्यांनी पॉपकॉर्नला स्नॅक म्हणू नये, एवढंच सांगते.

काठीचा स्वभाव

थोडी थिअरी. घाबरू नका, मीही मास कॉमवाली आहे.

गोल्फ क्लब फिरवला की शाफ्ट वाकतो आणि परत सरळ होतो. जोरात फिरवणाऱ्याला कडक शाफ्ट लागतो, सावकाश फिरवणाऱ्याला लवचीक. जुळला नाही तर चेंडू भलतीकडे. पूर्वी या काठ्या हिकरीच्या लाकडाच्या असत. स्टीलच्या शाफ्टला ब्रिटनमध्ये परवानगी मिळाली १९२९ मध्ये, आणि १९७० च्या दशकात ग्रॅफाइट आलं. शाफ्टवर कडकपणाची अक्षरं छापलेली असतात. एल, ए, आर, एस, एक्स. एल सगळ्यात मऊ, एक्स सगळ्यात कडक. गंमत अशी, की या अक्षरांना सगळ्या कंपन्यांचं मिळून एकच असं प्रमाण नाही. एका कंपनीचा 'आर' दुसरीचा 'एस' असू शकतो. जीन्सच्या साइजसारखंच! एका ब्रँडची २८ बसते, दुसऱ्याची मांडीवरच अडकते.

म्हणून जाणकार लोक अक्षर बघत नाहीत, मोजतात. शाफ्टचं जाड टोक पकडीत घट्ट धरायचं, बारीक टोकाला ठरावीक वजन लावायचं (बहुतेक ठिकाणी २०५ ग्रॅम), टोक खाली ओढून सोडायचं. शाफ्ट वरखाली हलतो. मिनिटाला किती वेळा हलला, तो त्याचा आकडा. त्याला म्हणतात सीपीएम. जितका कडक, तितका जास्त. ड्रायव्हरसाठी ढोबळ हिशेब असा, की दहाएक सीपीएम वाढले की अक्षर एक पायरी वर जातं.

हे 'दहा' लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहेत.

या आकड्यांवर माणसांची करिअर उभी असतात. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी असो, नाहीतर २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिक खेळून आलेला उदयन माने असो, या लेव्हलच्या खेळाडूच्या बॅगेतला प्रत्येक शाफ्ट निवडून, मोजून घेतलेला असतो. रविवारच्या हौशी गोल्फरला असली मशीन्स कुठून मिळणार? ती बाहेरून येतात आणि चांगलीच महाग असतात. तिथे दादाला संधी दिसली.

मशीन

मधल्या खोलीत एक जुनं सागवानी टेबल. मावसे गेल्यापासून त्यावर फक्त पंचांग आणि लाइटची बिलं असायची. आता त्यावर बोल्टनं बसवलेला एक भला थोरला बेंच वाइस. त्याच्या जबड्यात दोन्ही बाजूंनी रबर. समोर एका पट्टीवर दोन छोटे सेन्सर, एक अदृश्य उजेड टाकणारा आणि एक तो पकडणारा. शाफ्टचं टोक मधून गेलं की उजेड तुटतो. एक छोटा सर्किट बोर्ड दोन वेळांमधला काळ मोजतो आणि लाल आकड्यांत उत्तर दाखवतो. २०५ ग्रॅमचं वजन दादानं पितळेचं घडवलं आणि मालेगावला सराफाकडे जाऊन तोलून आणलं.

'कसंय?' त्यानं विचारलं.

'सॉलिड!' मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

परीक्षा सुरू झाली. पहिला पेपर सोपा होता. एकच शाफ्ट दहा वेळा काढून, परत लावून मोजायचा. मी वहीत लिहीत गेले. २४७, २४७, २४६, २४७, २४८... दहाच्या दहा वेळा २४६ ते २४८ च्या आत. दादाची छाती दोन इंच वाढली. शेजारची दोनतीन पोरं दारात उभी होती, त्यांनी टाळ्याच वाजवल्या.

मग तिन्ही शाफ्ट. दादाचे आकडे आले २३९, २४७, २५८.

'फोड पाकीट,' तो म्हणाला.

मी पाकीट फोडलं. पुण्याचे आकडे होते २४८, २५७, २६९.

खोलीत शांतता. बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, तेवढाच आवाज.

नऊचा फरक, दहाचा फरक, अकराचा फरक. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण अक्षर! दादाचं मशीन प्रत्येक शाफ्टला खरं आहे त्यापेक्षा मऊ म्हणत होतं. आणि किती ठामपणे म्हणत होतं! दहा वेळा विचारलं, दहाही वेळा तेच उत्तर. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सारखी सांगणं म्हणजे खरं सांगणं नव्हे. (ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

'नऊ शाफ्ट गेलेत इथून,' दादा हळूच म्हणाला. 'नऊ लोकांना अक्षर सांगितलंय मी.'

चहाचा कप

पहिला संशय अर्थातच सर्किटवर. मी मोबाइल काढला. त्यात सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन आहे, एरवी ते फक्त मैत्रिणींच्या केस उडवण्याच्या रील्ससाठी वापरलं जातं. हलणाऱ्या शाफ्टचा व्हिडिओ घेतला आणि एक एक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. दहा हेलकाव्यांना ५८३ फ्रेम. म्हणजे सुमारे २.४३ सेकंद, म्हणजे मिनिटाला २४७. बोर्डही २४७ च सांगत होता!

म्हणजे मोजणी बरोबर होती. या खोलीत हा शाफ्ट खरोखरच २४७ नं हलत होता. पुण्यात मात्र तोच २५७ नं. काठी तीच, वजन तेच, पकडही दोन्हीकडे पाच इंचांची. मग दहा गेले कुठे?

आम्ही दोघं डोकं धरून बसलो. मावशी चहा घेऊन आली, टेबलाच्या कडेला कप ठेवला. दादानं सवयीनं शाफ्ट ओढून सोडला.

'अरे, माह्या चहाले पाह्य!' मावशी म्हणाली. 'कसा हालून रायला थो!'

कपातल्या चहावर बारीक लाटा उठत होत्या. शाफ्टच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर एक.

दादा उठून उभाच राहिला. शाफ्ट हलताना टेबलही हलत होतं! डोळ्यांना दिसत नव्हतं, चहाला दिसत होतं. पकड घट्ट असेल, पण ती जिथे बसवली आहे तेच जर किंचित झुलत असेल, तर शाफ्टला वाटतं आपली लांबी थोडी वाढली आहे. तो सावकाश हलतो, आणि मशीन म्हणतं 'मऊ आहे'. शाफ्ट जितका कडक, तितका हा फरक जास्त. म्हणूनच नऊ, दहा, अकरा!

लगेच प्रयोग. पडवीत सोयाबीनची पोती होती. शेजारची पोरं आणि दादा यांनी दोन पोती उचलून टेबलावर ठेवली, एक मधल्या आडपट्टीवर. पुन्हा मोजलं. २४४, २५३, २६४. आकडे वर सरकले! मशीनला हात न लावता, फक्त सोयाबीननं.

'मग सोप्पं आहे,' मी म्हटलं. 'पोती काढ आणि प्रत्येक आकड्यात दहा मिळव. झालं!'

दादानं मान हलवली. 'दिवाळीत रंग द्यायला टेबल हलवलं होतं. आधी ते त्या कोपऱ्यात होतं, तिथली फरशी वेगळी. नऊपैकी चार शाफ्ट तेव्हाचे. त्यांच्यात किती मिळवू? पाच? बारा?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक माहीत असली तरी ती रोज तेवढीच राहील, याची खात्री कोण देणार?

इंजिनाचा ओटा

घरामागे मावशांची जुनी पिठाची गिरणी होती. गिरणी केव्हाच बंद पडली, डिझेल इंजिन विकलं गेलं, पण इंजिन ज्यावर बसवलं होतं तो काँक्रीटचा ओटा तसाच आहे. अर्धा जमिनीत गाडलेला, वर चार गंजलेले बोल्ट. मावशी त्यावर पापड वाळत घालते.

'थे इंजिन चालू झालं का घराचे भांडे वाजत,' मावशी म्हणाली. 'पण ओटा कधी हालला नाई.'

दुपारभर काम चाललं. वाइस टेबलावरून काढला, जाड लोखंडी प्लेट आणली, बोल्टच्या आट्यांवरचा गंज रॉकेलनं साफ केला. चार वाजता वाइस ओट्यावर बसला. मावशीनं न सांगताच चहाचा कप शेजारी ठेवला.

दादानं शाफ्ट सोडला. चहा ढिम्म!

आकडे आले २४७, २५७, २६८.

दोन शाफ्ट एकाच्या फरकानं, एक अगदी नेमका. आम्ही ओरडलो, पोरं ओरडली, समोरच्या घरातून कोणीतरी विचारलं काय झालं म्हणून. 'काठ्या जुळल्या!' असं एक पोरगं ओरडून सांगून आलं.

मला तेव्हा विल्यम लॅम्ब्टन आठवला. भारत मोजायला १८०२ मध्ये मद्रासहून सुरुवात करणारा हा इंग्रज १८२३ मध्ये वारला तो आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर चढवताना त्याचा अवाढव्य थिओडोलाइट आपटला आणि वाकला. त्यानं तंबूत बसून, सहा आठवडे खपून, तो स्वतःच्या हातानं सरळ केला आणि मग पुढे निघाला. वाकलेल्या यंत्रानं देश मोजणं त्याला जमलं नसतं असं नाही. पण तो तसा पुढे गेला नाही.

काटा

रात्री जेवताना, भाकरी आणि भरिताच्या मध्ये, दादानं तो विषय काढला जो दिवसभर कोणी काढला नव्हता.

'नऊ जणांना फोन करावा लागेल.'

मी शहाणपणा केला. म्हटलं, एकानंच तक्रार केली आहे ना? बाकीच्यांना कळलंही नसेल. शिवाय एकाच सेटमधले शाफ्ट एकाच टेबलावर मोजलेत, म्हणजे ते एकमेकांशी जुळलेले आहेतच. फक्त अक्षर चुकलं. कशाला उगाच...

मावशी भाकरी थापता थापता थांबली.

'पोरी, आम्ही सोयाबीन घेऊन जातो नं, तवा काट्याकडं पाह्यतो. काटा खोटा असला तं आपलंच जाते. तवा कसं वाटते मले इचार. आता आपल्या घरचा काटा खोटा निंगाला. मंग गप बसाचं काय?'

यापुढे काय बोलणार? दुकानातल्या साध्या तराजूलाही वजनमापं खात्याचा शिक्का घ्यावा लागतो, ठरावीक मुदतीनं पुन्हा तपासून घ्यावा लागतो. दादाच्या मशीनला शिक्का मारायला कोणी येणार नव्हतं. शिक्का त्यालाच मारायचा होता.

सकाळी त्यानं ओट्यावर बसून एक एक फोन केला. मी पापडांच्या बाजूला बसून ऐकत होते. 'सर, मी सांगितलेला आकडा कमी आहे. शाफ्ट पाठवा, पुन्हा मोजून देतो, कुरिअरचा खर्च माझा.' एक जण हसला. तिघं 'बघू' म्हणाले. दोघांनी फोन उचलले नाहीत, त्यांना मेसेज केला. एकानं पैसेच परत मागितले, आणि दादानं ते तिथल्या तिथे मोबाइलवरून पाठवले. ज्यानं तक्रार केली होती त्याला सगळ्यात शेवटी फोन लावला. तो बराच वेळ ऐकत होता. मग त्यानं विचारलं, 'कपातला चहा? खरंच?'

त्या महिन्यात दादाच्या हातात काही उरलं नाही. 'यंदा तूर चांगली आहे,' एवढंच तो म्हणाला.

परतीचं पाकीट

माझे तिन्ही शाफ्ट दादानं ठेवून घेतले. आता ते त्याचे घरचे काटे. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी त्यांतला एक मोजायचा, वहीत लिहायचा. आकडा हलला की काम बंद, आधी बोल्ट तपासायचे.

बदल्यात त्यानं मला दुसराच एक शाफ्ट दिला आणि वर एक पाकीट. चिकटवलेलं, वर सही केलेली. 'आता उलटं. पुण्याला मोज आणि मग फोड.'

एसटीत नळी पुन्हा खांद्यावर. कंडक्टर वेगळा होता. यानं विचारलं, 'बासरी हाये का ताई?'

मंगळवारी संध्याकाळी, ऑफिसेस सुटायच्या ट्रॅफिकमधून वाट काढत पुण्याच्या त्या वर्कशॉपला पोचले. मशीन म्हणालं २५२. मी पाकीट फोडलं. दादाच्या अक्षरात लिहिलं होतं २५१.

फोन मावशीनं उचलला. 'काय आलं?'

'एकाचा फरक आहे मावशी.'

'चालते काय तेवढा?'

'चालतो. पुण्याचं मशीनही दोनदा मोजलं की एकानं मागेपुढे होतं.'

'मंग ठीक,' ती म्हणाली. 'आता त्या ओट्यावर माह्ये पापड कोठी वाळू घालू, थे सांग.'

मेडशीला जायचंय?

मुंबई-हावडा मार्गावरचं अकोला जंक्शन सोयीचं. तिथून पातूरमार्गे वाशीमकडे जाणाऱ्या एसटीनं मेडशी. स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्गही मालेगाव तालुक्यातूनच जातो. वाटेत पातूरची लेणी बघा. पुढे मालेगाव तालुक्यातलंच शिरपूर, अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीसाठी प्रसिद्ध, आणि वाशीमचं बालाजी मंदिर. वेळ असेल तर शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर. सीझन? डिसेंबर. कारण उकडलेल्या तुरीच्या शेंगा. आणि हो, कोणाच्या घरी चहा मिळाला तर कप टेबलावर ठेवून जरा निरखून बघा.